स्वगत कुणाकडे बघून बोलावे?

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एका उपवासकाळात उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर छोटेसे नाटक बसवावयास घेतले होते. संहिता त्यांची, दिग्दर्शनही त्यांचेच. आमच्याकडे काम एवढेच की, तालमीसाठी सभागृहाची किल्ली द्यावी आणि शुभवर्तमानाचा कोठे विपर्यास होत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. डुकरांच्या कळपाजवळ उपाशी बसलेल्या धाकट्या मुलाला बापाच्या घराची आठवण होते आणि तो परतण्याचा निश्चय करतो, हा प्रसंग आला तेव्हा ती भूमिका करणारा मुलगा मध्येच थांबला. त्याने आम्हांला विचारले, "फादर, हे कुणाकडे बघून बोलू?"

आम्ही सहज सांगून टाकले, "प्रेक्षकांकडे बघून बोल. स्वगत आहे ते."

तालीम पुढे चालू झाली. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. जो प्रसंग आम्ही वेदीवरून कित्येक वर्षे वाचीत आणि समजावून सांगत आलो, त्यात तो मुलगा नेमका कुणाशी बोलतो, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. मनातले मोठ्याने बोलणे या मानवी कृतीला आपल्या भाषेने 'स्वगत' हा शब्द दिला आहे. त्या शब्दाचा अर्थ काय, वापर कसा झाला आणि आपल्या श्रद्धाजीवनाशी त्याचे नाते कोणते, हे येथे तपासावे आणि त्या निमित्ताने त्या मुलाला थोडे बरे उत्तर द्यावे, असा आमचा मानस आहे.

'स्वगत' हा शब्द आपल्याकडे संस्कृत नाटकातून आला. 'स्व' म्हणजे आपण आणि 'गत' म्हणजे गेलेले. जे आपल्याचकडे गेले, आपल्यापाशीच राहिले, ते स्वगत. कालिदासाचे 'शाकुंतल' ज्यांनी शाळा-महाविद्यालयात वाचले असेल त्यांना आठवेल की, पात्राच्या वाक्याआधी कंसात 'स्वगतम्' किंवा 'आत्मगतम्' अशी सूचना येते आणि पात्र पुन्हा उघड बोलू लागले की 'प्रकाशम्' असे लिहिलेले असते. राजा दुष्यंत मनात एक बोलतो आणि समोरच्याला दुसरे सांगतो. ही दोन वाक्ये शेजारीशेजारी छापलेली वाचताना माणसाच्या आतले आणि बाहेरचे अंतर आपण जणू बोटांनी मोजू शकतो.

दहाव्या शतकात, माळव्याचा राजा मुंज याच्या काळात, धनंजयाने 'दशरूपक' हा नाट्यशास्त्रावरील ग्रंथ रचला. त्यात रंगभूमीवरील बोलण्याचे तीन वर्ग केलेले आहेत. सर्वांना ऐकू जाणारे ते सर्वश्राव्य, म्हणजेच प्रकाश. कुणालाही ऐकू न जाणारे ते अश्राव्य, म्हणजेच स्वगत. आणि ठरावीक व्यक्तीलाच ऐकू जाणारे ते नियतश्राव्य. या तिसऱ्याचेही पुन्हा दोन प्रकार आहेत. अनामिका दुमडून, बाकीची बोटे सरळ धरून, इतरांना वगळून दोघांनी आपसात बोलायचे ते जनान्तिक; आणि तोंड फिरवून दुसऱ्याला गुपित सांगायचे ते अपवारित.

या वर्गवारीत एक मर्म आहे आणि ते सहज निसटून जाते. शास्त्रकाराने बोलणाऱ्याच्या आवाजावरून वर्ग पाडलेले नाहीत, ऐकणाऱ्यावरून पाडले आहेत. कोण बोलतो, किती मोठ्याने बोलतो, हा त्याचा प्रश्न नाही. कोण ऐकतो, हा प्रश्न आहे. त्यात पुन्हा गंमत अशी की, ज्याला शास्त्र अश्राव्य म्हणते ते सबंध नाट्यगृहाला ऐकू जात असते. शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ते ऐकू येत नाही, पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला येते. म्हणजे स्वगताला श्रोता नसतो हे खरे नव्हे. त्याचा श्रोता रंगमंचावर नसतो, एवढेच खरे. रंगमंचाबाहेर, अंधारात बसून, सर्व काही पाहणारा कुणीतरी असल्याखेरीज स्वगत संभवतच नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, अशी विनंती आहे.

स्वगताच्या आसपासचे काही शब्द पाहिले म्हणजे त्याची हद्द अधिक स्पष्ट होते. पहिला शब्द 'मनोगत'. मूळ अर्थ मनात असलेले. आज तो सभासमारंभांत राबतो. निवेदक सांगतो, आता अमुक अमुक आपले मनोगत व्यक्त करतील. मग सत्कारमूर्ती खिशातून कागद काढतात आणि आभारांची यादी वाचतात. धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी आम्हीही अशी मनोगते व्यक्त केलेली आहेत. त्यांत मन किती आणि गत किती, हे आमचे आम्हांला ठाऊक. मनोगत हे आता पूर्णपणे प्रकाश झाले आहे. मनाशी त्याचा संबंध नावापुरता उरला आहे.

दुसरा शब्द 'प्रकट चिंतन'. विचार पक्का होण्याआधी, तो घडत असतानाच मोठ्याने मांडणे, हा त्याचा चांगला अर्थ. गुरू शिष्यांपुढे असे चिंतन करतो तेव्हा शिष्याला उत्तर मिळते, शिवाय उत्तरापर्यंत जाण्याची वाटही दिसते. परंतु अलीकडे हा शब्द पळवाटेसारखाही वापरला जातो. एखादी बोचरी गोष्ट बोलून टाकायची आणि कुणी जाब विचारला की म्हणायचे, मी केवळ प्रकट चिंतन करीत होतो. बोलण्याचे सुख घ्यायचे आणि जबाबदारी घ्यायची नाही, असा हा व्यवहार आहे. बोलणे प्रकट झाले की ते दुसऱ्याच्या कानांत आणि काळजात जाते. त्याला नंतर चिंतन म्हटल्याने जखम भरून येत नाही.

तिसरा शब्द 'नाट्यछटा'. दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा प्रकार मराठीत रुजवला. तेथे एकच माणूस बोलतो म्हणून पुष्कळजण त्याला स्वगत समजतात. पण नाट्यछटेतील माणूस बहुधा समोरच्या कुणाशी तरी बोलत असतो. त्या समोरच्याचे बोलणे आपल्याला ऐकवले जात नाही, ते आपण कल्पनेने भरून काढतो. नाट्यछटेत दुसऱ्याचा आवाज झाकलेला असतो. स्वगतात दुसरा हजरच नसतो. दिवाकरांची माणसे चारचौघांत जे बोलतात त्यातूनच त्यांचे ढोंग उघडे पडते. स्वगतात माणूस ढोंग बाजूला ठेवतो, निदान तशी त्याला मुभा असते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. चार शुभवर्तमानांपैकी स्वगताची कला सर्वांत अधिक कुणाला साधली असेल तर ती संत लूक याला. इतरत्र ती तुरळक आढळतात. लूकच्या दाखल्यांत मात्र माणसे पुन:पुन्हा स्वतःशी बोलतात. अमाप पीक आलेला धनवान, नोकरी जाण्याच्या बेतात असलेला कारभारी, विधवेच्या तगाद्याने कंटाळलेला न्यायाधीश आणि आपला हा धाकटा मुलगा. ही चार स्वगते शेजारीशेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची शिफारस आहे. उपवासकाळातील चार संध्याकाळी त्यांना पुरतील.

बाराव्या अध्यायातील धनवान स्वतःला विचारतो की, मी काय करावे? माझे पीक ठेवायला मला जागा नाही. मग तो कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करतो आणि शेवटी आपल्याच जिवाला उद्देशून सांगतो की, आता आराम कर. ही काही ओळींची वाचा 'मी' आणि 'माझे' यांनी खच्चून भरलेली आहे. त्यात मजूर नाहीत, शेजारी नाहीत, बायकापोरे नाहीत. बोलणारा तोच, ज्याच्याशी बोलतो तोही तोच. पण रंगमंचाबाहेर कुणीतरी ऐकत असतो. या दाखल्यात देव स्वतः बोलतो आणि त्या माणसाच्या अश्राव्य बोलण्याला थेट उत्तर देतो. ते उत्तर मृत्यूची सूचना असते. ज्याने आयुष्यभर स्वतःखेरीज कुणाशी संवाद केला नाही, त्याला दुसऱ्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तो त्या रात्री.

सोळाव्या अध्यायातील कारभारीही त्याच प्रश्नाने सुरुवात करतो: मी काय करावे? खणण्याची ताकद नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, हे तो स्वतःपाशी कबूल करतो. त्याच्या स्वगतात प्रामाणिकपणा आहे, पण पश्चात्ताप नाही. तो स्वतःकडे येतो तो डाव आखण्यासाठी. अठराव्या अध्यायातील न्यायाधीशही विलक्षण प्रांजळ आहे. आपण देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करीत नाही, हे तो स्वतःला स्पष्ट सांगतो. पण ते ऐकून त्याला काहीच वाटत नाही. विधवेला न्याय मिळतो तो त्याच्या त्रासिकपणातून. स्वतःला ओळखणे म्हणजे बदलणे नव्हे, हा धडा या दोघांनी आपल्याला दिला आहे.

आता पंधरावा अध्याय. धाकट्या मुलाच्या बोलण्याआधी लूक जी ग्रीक शब्दयोजना करतो तिचा शब्दशः अर्थ होतो 'स्वतःकडे येऊन'. शुद्धीवर येणे, भानावर येणे, या अर्थाने ग्रीक भाषेत हा प्रयोग रूढ होता आणि भाषांतरकारांनी तसा अर्थ घेतला तर त्यांचे चुकले नाही. तथापि संस्कृत नाटकांवर वाढलेल्या कानांना तेथे दुसरेच काही ऐकू येते. स्वतःकडे आलेला म्हणजे स्व-गत. आपण ज्याला बोलण्याचा प्रकार समजतो तो लूकने मुलाच्या प्रवासाचा पहिला टप्पा म्हणून सांगितला आहे. दूर देशी गेलेला हा मुलगा बापाच्या घराकडे वळण्याआधी स्वतःकडे वळतो. दोन भाषांत हा योग जुळून आला आहे, आणि तो आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

हे स्वगत इतर तिघांपेक्षा निराळे आहे. त्याची सुरुवात 'मी काय करावे' या प्रश्नाने होत नाही. ती होते बापाच्या घरच्या मजुरांच्या भाकरीने. म्हणजे या मुलाच्या मनात पहिल्याप्रथम दुसरी माणसे येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या स्वगताच्या पोटात एक संबोधन आहे. धनवानाने आपल्याच जिवाला हाक मारली होती. हा मुलगा बापाला हाक मारतो. आपण काय बोलणार आहोत याची तो तेथे बसल्या बसल्या तालीम करतो: आपण पाप केले, पुत्र म्हणवून घेण्यास आपण लायक राहिलो नाही, आपल्याला मजुरासारखे ठेवून घ्यावे. बाप शेकडो कोस दूर आहे, पण वाक्य त्याच्याकडे तोंड करून उभे आहे.

मग तो उठतो आणि जातो. येथे संस्कृत नाटककाराने कंसात लिहिले असते: 'प्रकाशम्'. तेच बोलणे आता बापाच्या कानी पडते, पण पुरे होत नाही. मजुरासारखे ठेवण्याचे वाक्य येण्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगतो. काही प्राचीन हस्तलिखितांत ते वाक्य मुलाच्या तोंडी पुन्हा येते हे खरे. पण बहुतेक आवृत्त्यांनी स्वीकारलेल्या पाठात ते नाही, आणि दाखल्याच्या रचनेला हाच पाठ शोभतो. स्वगतात जुळवलेली तीन वाक्ये. त्यांतले तिसरे प्रकट होऊच शकले नाही. बापाच्या प्रेमाने ते मुलाच्या ओठांवरच अडवले. स्वतःविषयी आपण एकांतात जो निवाडा देतो तो दुसऱ्यापाशी उघड बोलल्याखेरीज कधी रद्द होत नाही. तो मुलगा तेथेच, डुकरांपाशी बसून राहिला असता, तर जन्मभर स्वतःला मजूरच समजत राहिला असता.

परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्यातही हीच कसोटी लागू पडते. परूशी देवाचे नाव घेऊन प्रार्थना करतो, पण लूकने तेथे 'स्वतःशी' अशा अर्थाचा शब्द योजला आहे. तो उभे राहण्याला जोडायचा की प्रार्थनेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रार्थनेला जोडला तर अर्थ फार तीक्ष्ण होतो: नाव देवाचे, दिशा मात्र स्वतःकडे. देवळात उभे राहून, मोठ्याने बोलूनही, माणसाचे बोलणे त्याच्यापाशीच राहू शकते.

असे असेल तर मनातले बोलायचे कुणापाशी? आणि समोर ऐकणारा नसेल तर त्या बोलण्याचे काय होते? या प्रश्नाचे सर्वांत दाहक चित्र आम्हांला मराठी रंगभूमीवर भेटले. वास्तववादी नाटकांच्या काळात स्वगत कृत्रिम ठरून मागे पडले होते. घराच्या दिवाणखान्यात कुणी असे एकटे मोठ्याने बोलत नाही, हा आक्षेप. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात ते परत आले, आणि असे आले की आक्षेप घेणाऱ्याची जीभ टाळूला चिकटावी. शिक्षिका असलेल्या लीला बेणारेला तिचेच सहकारी खेळ म्हणून अभिरूप न्यायालयात उभे करतात. हळूहळू खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. ती अविवाहित आहे आणि गर्भवती आहे. शेवटी तिला बचावासाठी दहा सेकंद दिले जातात. मग सगळी पात्रे जागच्या जागी गोठतात आणि बेणारे बोलू लागते. तिचे बालपण, तिची फसवणूक, तिची जगण्याची ओढ, सारे ती सांगते. प्रेक्षकांना ते ऐकू येते. न्यायालयाला येत नाही. बोलणे संपते, पात्रे पुन्हा हलू लागतात आणि आरोपीला काही सांगायचे नव्हते अशी नोंद होते. मग निकाल लागतो, आणि त्यात तिच्या पोटातल्या जिवालाही शिक्षा होते.

या नाटकाची चर्चा बहुधा स्त्रीवरील अन्यायाच्या अंगाने होते आणि ती योग्यच आहे. आम्हांला त्यातले स्वगताचे योजन विशेष वाटते. 'अश्राव्य' हा जुना शास्त्रीय संकेत तेंडुलकरांनी आरोप म्हणून वापरला. शेजारच्यांना ऐकू आले नाही, कारण त्यांनी ऐकायचे नाही असे ठरवले होते. बेणारेजवळ बोलण्यासारखे पुष्कळ होते; तिला प्रकाश मिळाला नाही. खेडवळ, साधा सामंत शेवटी हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून हलकेच निघून जातो. त्यानेही तिचे बोलणे ऐकलेले नाही. पण ऐकण्याच्या सर्वांत जवळ तोच पोचतो.

उलट दिशेचे उदाहरण संत ऑगस्टिनचे आहे. एकट्याने स्वतःशी केलेल्या बोलण्याला युरोपातील भाषांत जो शब्द आज रूढ आहे, तो लॅटिन 'सोलिलोक्विउम' त्यानेच घडवला. एकटा आणि बोलणे या दोन शब्दांची ती जोडणी आहे. शब्द नवा आहे आणि कदाचित कानाला कठोरही लागेल, पण आपल्याला हवे ते त्यातून नीट कळते, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्याने स्वतःच दिले आहे. ३८६ ते ३८७ च्या हिवाळ्यात, मिलानजवळच्या एका खेड्यातील घरात राहून, बाप्तिस्म्याच्या आधी, त्याने 'सोलिलोक्विया' हे पुस्तक लिहिले. त्यात तो आपल्याच विवेकबुद्धीशी प्रश्नोत्तरे करतो. आरंभीच तो म्हणतो की, हा बोलणारा आवाज आपला की दुसऱ्याचा, आतला की बाहेरचा, हे आपल्याला कळत नाही. आणि प्रश्नोत्तरांना हात घालण्याआधी दीर्घ प्रार्थना करतो. एकट्याने बोलण्याला ज्याने नाव दिले, त्याच्या त्या पुस्तकातही तो पुरता एकटा नाही.

ते पुस्तक अपुरे राहिले. ३८७ च्या पास्काला त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि सुमारे दहा वर्षांनी, बिशप झाल्यावर, त्याने 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहावयास घेतला. तो प्रारंभापासून देवाला उद्देशून आहे आणि माणसांनी वाचावा म्हणून लिहिलेला आहे. विवेकाशी केलेले स्वगत येथे देवापुढे आणि बंधुजनांपुढे प्रकट झाले. त्याच्या लॅटिन शीर्षकात पापाची कबुली आणि देवाची स्तुती हे दोन्ही अर्थ नांदतात. आपण पापनिवेदन म्हणतो, कोकणीत कुमसार म्हणतात, त्या संस्काराची वाटही हीच आहे. आधी विवेकाची तपासणी, ती स्वगत. मग निवेदन, ते प्रकट. परंतु एकाच्याच कानी पडणारे आणि तेथेच कायमचे पुरले जाणारे. धनंजयाच्या भाषेत त्याला नियतश्राव्य म्हणता येईल. मिस्साविधीतही आपण सर्व मिळून सर्वसमर्थ देवापाशी आणि बंधुभगिनींपाशी अपराध कबूल करतो. बंधुभगिनींपाशी, हा शब्द तेथे उगाच आलेला नाही.

येथवर आम्ही बोलणाऱ्यांविषयी लिहिले. आता ऐकणाऱ्यांविषयी लिहिले पाहिजे, आणि तेथे आमचेच एक देणे आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाची कथा आहे. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी ही स्त्री शिलो येथील मंदिरात प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, आवाज ऐकू येत नाही. दाराशी बसलेला एली याजक तिला पाहतो आणि ती दारू प्यालेली आहे असे समजून तिला दटावतो. ती नम्रपणे सांगते की, मी प्यालेले नाही, माझे अंतःकरण परमेश्वरापुढे ओतत आहे. एलीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्याने आपली चूक लांबवली नाही; तिला शांतीचा निरोप आणि आशीर्वाद दिला.

बरीच वर्षे झाली. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. सकाळच्या मिस्साला एक वृद्ध स्त्री मागच्या बाकावर बसून सतत पुटपुटत असे. प्रवचनातही तिचे चालूच असे. एके दिवशी आम्ही वेदीवरूनच, तिच्याकडे पाहून, देवळात शांतता राखावी असे सांगितले. लोकांनी माना वळवल्या. दुसऱ्या दिवसापासून ती येईनाशी झाली, आणि ते आमच्या लक्षातही आले नाही. काही महिन्यांनी घरे आशीर्वादित करण्यास गेलो असता ती भेटली. आम्ही न येण्याचे कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "घरात बोलले तर पोरं म्हणतात, म्हातारीला भ्रम झालाय. तिथं बोलले तर तुम्ही गप केलंत. आता बोलू तरी कुठं, फादर?"

त्या दिवशी आम्हांला एलीची आठवण झाली. पहिल्या स्तोत्रात नीतिमान माणूस देवाच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे आपण वाचतो. तेथील हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ आहे पुटपुटणे, गुणगुणणे. यशयाच्या ग्रंथात सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला तेच क्रियापद आले आहे. सेमिनरीत आम्ही हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. आणि मागच्या बाकावर ते प्रत्यक्ष चालू असताना आम्ही त्याला गोंगाट समजलो. पुढे त्या आजी पुन्हा येऊ लागल्या, आणि मिस्सानंतर कधी कधी आम्ही त्यांच्या बाकावर जाऊन बसत असू. त्या काय बोलत, ते येथे सांगण्याचे कारण नाही. त्या बोलत आणि आम्ही ऐकत होतो, एवढे पुरे.

आपल्या घरांतून अशी स्वगते किती असतील! सुनेशी न बोलणारी सासू चुलीपाशी भांड्यांशी बोलते. परदेशी गेलेल्या मुलाचा बाप फोनवर 'सगळे ठीक' म्हणतो आणि फोन ठेवल्यावर बाकीचे भिंतीला सांगतो. भावाभावांतला जमिनीचा तंटा वीस वर्षे चालतो, आणि क्षमेचे वाक्य दोघांनीही मनात कितीदा तरी म्हणून पाहिलेले असते. ते प्रकट होत नाही, कारण समोरून काय उत्तर येईल याची भीती वाटते. मग एक दिवस प्रेतयात्रा निघते, आणि राहिलेले वाक्य कबरीपाशी म्हटले जाते. धर्मगुरू म्हणून आम्ही कबरीजवळ उभे असतो. हे आम्ही फार वेळा ऐकले आहे.

नाटकाला आठ दिवस होते तेव्हा आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले आणि दिलेले उत्तर मागे घेतले. त्याला सांगितले की, सुरुवातीला खाली, जमिनीकडे बघून बोल. ते तुझे तुझ्यापाशी आहे. पण बापाला हाक मारशील तेव्हा मान वर कर आणि रस्त्याकडे बघ.

तो म्हणाला, "फादर, रस्त्यावर तर तेव्हा कुणीच नाही."

आम्ही म्हणालो, "नसू दे. ज्याला सांगायचे आहे त्याच्या दिशेने बघ."

झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी देवळासमोरच्या पटांगणात नाटक झाले. मुलाने सांगितल्याप्रमाणे केले. पुढे बापाजवळ पोचल्यावर तो तीच वाक्ये पुन्हा म्हणू लागला. बापाची भूमिका करणारा गृहस्थ स्वभावाने उतावळा. त्याने ठरल्यापेक्षा जरा लवकरच मुलाला मिठीत घेतले, आणि मुलाच्या तोंडचे दुसरे वाक्यही अर्धे राहून गेले. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक त्याच्यावर रागावला. आम्ही मध्ये पडलो आणि म्हणालो, राहू दे, ते तसेच असायला हवे.